कोपरावरचा विंचू

नंदे,

परवा तुझं तेरावं झालं. जेवणं उरकली तरी मांडवातून कुणी उठेना. तुझ्या नवऱ्यापाशी काय बोलावं ते कुणालाच सुचत नव्हतं, आणि काही न बोलता निघणंही जमत नव्हतं. शेवटी बिरवाडीकडच्या एक अंगणवाडीच्या बाई पुढे झाल्या, पदर सावरून त्यांनी दंड दाखवला आणि म्हणाल्या, "अनंतभाऊ, हे बघा. हे नंदाताईंनी केलेलं." दंडावर गोंदलेली मोगऱ्याची वेल. शेजारचा एक जण म्हणाला, "माझ्याकडं पण हाय," आणि शर्टाची बटणं काढायला लागला. पाच मिनिटांत अख्खा मांडव बाह्या वर करून उभा होता गं. कुणाच्या मनगटावर मासा, कुणाच्या पाठीवर झाड, एका पोलिसाच्या पोटरीवर खंड्या पक्षी. लोक एकमेकांचे हात उजेडाकडे वळवून बघत होते. तेराव्याला आलोय हे विसरून हसत होते.

मग तुझ्या नवऱ्यानेही बाही वर केली. ते वाकडं कमळ. एका बाजूला सात पाकळ्या, दुसऱ्या बाजूला तीन. "हे पहिलं," तो म्हणाला. "माझ्यावर शिकली ती." तू गेल्यापासून तो पहिल्यांदा हसला, आणि मी तुला शोधायला लागले. खरंच शोधायला लागले. एवढी माणसं आहेत आणि तू त्यांच्यामधून फिरून "उन्हात हिंडलास, शाई उडाली बग" असं खडसावत कशी नाहीस, हे मला कळेना.

म्हणून लिहायला बसले आहे. तुझी माहिती लिहायची नाही, ती सगळ्यांना ठाऊक आहे. मला तुझ्याशी बोलायचंय. थोडं भांडायचंही राहिलंय.

आपली पहिली भेट भांडणातच झाली. तू मुंबईहून परत येऊन महाडच्या बाजारपेठेमागच्या गल्लीत एक खोली घेतली होतीस. पाटीवर मोठ्या अक्षरात 'गोंदण' आणि खाली बारीक अक्षरात 'टॅटू'. आमच्या शाळेतल्या नववीच्या एका पोराच्या मनगटावर इंग्रजी अक्षर गोंदलेलं सापडलं. मुख्याध्यापकांनी मला पाठवलं, कारण मी चित्रकलेची बाई, म्हणजे हे खातं माझं. मी तावातावाने आले. तू एका गृहस्थाच्या पाठीवर काम करत होतीस. मशीन बंद केलंस, हातमोजे काढलेस आणि माझं सगळं ऐकून घेतलंस.

"बाई, अठराच्या आतलं पोर मी दारात उभं करत नाय," तू म्हणालीस. "ते जत्रेत केलंय. माझं असतं तर अक्षर असं पसरलं असतं काय?"

माफी मागावी की तशीच निघावी, या विचारात मी होते. तेवढ्यात तूच विचारलंस, "शाळेच्या भिंतीवर ती नाचणारी पोरं तुम्ही काढलीत काय?"

"हो."

"तोंडं चांगली हायत. हात लाकडाचे वाटतात."

वीस वर्षं चित्रकला शिकवणाऱ्या बाईला हे ऐकवलंस. तो गृहस्थ पालथा पडल्या पडल्या हसू दाबत होता, त्याची पाठ हलत होती. मी रागारागाने निघाले. पण जाताना शाळेवरून गेले आणि भिंतीकडे पाहिलं. लाकडाचेच होते.

दुसऱ्या दिवशी मी परत आले ती वाद घालायला. मी म्हटलं, तुझं काम स्वच्छ आहे, हात स्थिर आहे, पण याला कला म्हणू नकोस. कागदावरची आकृती कातडीवर छापायची आणि तिच्यावरून सुई फिरवायची, यात तुझं काय? तू चहा मागवलास. मला वाटलं चिडशील. तू म्हणालीस, "रविवारी मोकळ्या हाय काय? माझ्या माहेरी येवा. दाखवत्ये."

तुझं माहेर म्हणजे उमरठच्या वरची वाडी. अनंतभाऊजींच्या रिक्षाने जाईल तितकं गेलो, पुढे पायी. आवडाकाकी, तुझी चुलती, अंगणात नाचणी निवडत बसली होती. मे महिना, घामाच्या धारा, आणि काकीने मनगटापर्यंत बाहीचं पोलकं घातलेलं.

"काकी, हात दाखव," तू म्हणालीस. "बाई चित्रं काढतात."

"दाखवायसारखं काय हाय त्यात?" काकी म्हणाली. मग थांबून म्हणाली, "सून म्हणते, लग्नाच्या फोटोत हात हिरवेनिळे दिसतात. मंग हेच घालत्ये."

तरी ती आत गेली आणि जुनं, आखूड बाहीचं पोलकं घालून आली. उजव्या हातावर विंचू होता. नंदे, खरं सांगू, मला काही विशेष वाटलं नाही. विटलेली हिरवट रेघ, ठिपके, नांग्या. शेपूट तर फसलेलीच वाटली. कोपराच्या आतल्या बाजूला येऊन ती तुटत होती आणि बोटभर अंतर सोडून दंडावर पुन्हा सुरू होत होती. काढणारीला जागेचा अंदाज आला नसावा, असं मी मनात म्हटलं. तू माझ्याकडे बघत होतीस.

काकीने चहा आणला. किटली उचलून ती कपात ओतायला लागली, हात कोपरात दुमडला, आणि ते बोटभर अंतर मिटलं. शेपटीचे दोन तुकडे एकमेकांना भिडले, आकडा वर उठला. विंचू नांगी उगारून उभा राहिला.

मी म्हटलं, "काकी, परत ओता."

"चहा संपला बाय."

"रिकामीच ओता."

काकीने तुझ्याकडे बघितलं, ही बाई बरी आहे ना अशा नजरेने, आणि रिकामी किटली उचलली. हात दुमडला, विंचू उठला. सरळ केला, निजला. मी तिला सहा-सात वेळा तो रिकामा चहा ओतायला लावला. तू पायरीवर बसून हसत होतीस. मग मी विचारलं, हे कुणी काढलं.

"आली होती एक टोपली घेऊन," काकी म्हणाली. "नाव कुणाला ठाऊक. तिनं आधी माझा हात दोनदा दुमडला, दोनदा सरळ केला, नीट बघितलं, मंग सुई घेतली. मी रडत होत्ये आणि ती गात होती."

मी आयुष्यभर सपाट कागदावर चित्रं काढली. हलणाऱ्या हाताचा विचार करून रेघ तोडणारी बाई या डोंगरात डोक्यावर टोपली घेऊन फिरून गेली होती आणि मला पत्ता नव्हता. मला इतका आनंद झाला होता की परत उतरताना मी बोलतच सुटले. तू एवढंच म्हणालीस, "आता म्हणा, कला नाय."

काकीने फोटो काढू दिला नाही. फोटो सुनेपर्यंत पोचेल ही तिला धास्ती. "तू हातानं काढ," असं मला सांगितलं. मी काढलं. तीच आपल्या लाल वहीची सुरुवात. त्यानंतर जवळजवळ दोन वर्षं, जमेल त्या रविवारी आपण पोलादपूरच्या वाड्यावस्त्या पालथ्या घातल्या. तुळशी, पाळणे, पावलं, कपाळावरचे ठिपके. मी काढायचे, तू बाजूला लिहायचीस, हात कुठे दुमडतो, कातडी कुठे ओढली जाते. महाडला आल्यावर त्यातलंच एखादं तू कुणाच्या अंगावर नव्याने बसवायचीस. एमआयडीसीतली पोरं राक्षसाची कवटी मागायला यायची आणि पाळणा नाहीतर विंचू घेऊन जायची. तू त्यांना कसं पटवायचीस, हे मला शेवटपर्यंत समजलं नाही.

मग मी स्वतःच म्हटलं, माझ्या हातावर काढ. पन्नासाव्या वर्षी. आठवडाभर खपून तुळस काढून आणली होती. तू कागद बघितलास आणि परत दिलास.

"चांगली हाय. पण ही कागदावरची हाय. उभी राहा, भिंतीवर लिही."

"काय लिहू?"

"शाळेत काय लिहितेस ते."

तेव्हा तू मला 'तू' म्हणायला लागली होतीस. मी तुझ्या भिंतीवर बोटाने सुविचार लिहिला आणि तू माझ्याभोवती फिरून मनगट बघत राहिलीस. मग पेनाने थेट हातावर भाताची लोंबी काढलीस. फळ्यावर लिहायला हात वर गेला की ती भरल्या कणसासारखी खाली झुकते. सुई लागली तेव्हा मी मुंग्या चावल्यासारखं होईल म्हणून तयार होते, तर ते गरम पिनेने ओरखडल्यासारखं होतं. मनगटाच्या हाडावर आल्यावर मी डोळे मिटले. तू डाव्या हाताने माझी कातडी ताणून धरली होतीस. तो हात इतका शांत होता की मी त्याच्याकडेच लक्ष दिलं, सुईकडे दिलंच नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात पोरांनी फळा वाचलाच नाही. मुख्याध्यापकांनी चष्मा काढून मनगट बघितलं आणि म्हणाले, "आमच्या आईच्या हातावर होतं असलं काहीतरी."

त्यानंतर सावित्रीला तो पूर आला. तुझ्या दुकानात छातीभर पाणी. ओसरल्यावर आपण दोघी फावडी घेऊन आत शिरलो. लाल वही वरच्या फळीवर होती, तरी भिजून भाकरीसारखी फुगली होती. पानं सुटी करायला गेले तर चित्रांची शाई माझ्या हातावर उतरली. मी तिथेच चिखलात पाय रोवून रडायला लागले. आवडाकाकी त्याआधीच्या हिवाळ्यात गेली होती. तिचा विंचू त्या वहीशिवाय आता कुठेच नाही, असं मला वाटलं.

तू खुर्ची धूत होतीस. धूत धूतच म्हणालीस, "वही गेली. चित्रं कुठं गेली गो? ती माणसांवर हायत."

मला आधी कळलंच नाही. तू चिखलाच्या हातांनी मोबाईल घेतलास आणि बोलून निरोप पाठवलास: ज्यांच्या अंगावर माझं काम आहे आणि ज्यांच्या आई-आजीच्या अंगावर जुनं गोंदण आहे, त्यांनी पुढच्या रविवारी शाळेच्या हॉलमध्ये यावं. चित्र परत द्यायला.

नंदे, तो रविवार. मला अजून तो जसाच्या तसा दिसतो. मी दहा-बारा माणसांची तयारी केली होती. सकाळी नऊ वाजता फाटकाबाहेर रांग होती. पोलादपूरकडून जीप भरून म्हाताऱ्या आल्या, नवी लुगडी नेसून, हात पुढे धरून. माझ्या दहावीच्या मुली कागद घेऊन जमिनीवर बसल्या आणि काढायला लागल्या. ज्यांच्या घरात अजून गाळ होता ती माणसंही आली. एकजण म्हणाला, "घरातलं काय वाचलं नाय. हे तेवढं वाचलंय, हे घ्या." दुपारी दोन म्हाताऱ्यांच्या तुळशी सारख्याच निघाल्या, कुंडीची तीच वेडीवाकडी पायरी. दोघी डोंगराच्या दोन अंगांच्या वाड्यांतल्या, उभ्या जन्मात कधी भेटलेल्या नव्हत्या. त्या एकमेकींचा हात धरून बसल्या आणि ती टोपलीवाली आधी कुणाकडे आली, कुठल्या वाटेने उतरली, ते जुळवत राहिल्या. मी आणि तू मागे उभ्या होतो. तू माझ्या खांद्यावर चापट मारत होतीस आणि मी तुझ्या.

संध्याकाळच्या सुमारास एक टँकरचालक आला आणि त्याने पँट वर गुंडाळली. पोटरीवर विंचू. काकीचा, वहीतून तू त्याच्यावर बसवलेला. मी शेपटीची पेरं मोजली. आठ.

"काकीच्या विंचवाला सात होती," मी म्हटलं.

"असतील. ह्याची पोटरी जाड. मी एक वाढवलं."

"मग हा काकीचा विंचू नाही राहिला."

"मंग कुणाचा?" तू विचारलंस.

आपलं पुढचं सगळं भांडण तिथून सुरू झालं. मी म्हणायचे, मूळ जसं होतं तसं जपायला हवं. तू म्हणायचीस, टोपलीवाली दुसऱ्या बाईच्या बारीक हातावर सहा काढून गेली असेल, तेव्हा तुला विचारायला आली होती काय? मी नव्या वहीत सात पेरांचा विंचू आठवून काढला. तू शेजारी आठ पेरांचा काढलास. मी तुझ्या विंचवावर कागद चिकटवला. तू तो सोलून काढलास.

या जानेवारीत आपण सवच्या गरम पाण्याच्या कुंडांवर गेलो होतो. तू उजवा हात मनगटापर्यंत पाण्यात धरून बसून होतीस. बाहेर काढलास तेव्हा बोटं थरथरत होती. मी विचारलं. "दिवसभर मशीन धरत्ये ना," तू म्हणालीस आणि लगेच कुठल्यातरी जोडप्याची गोष्ट सांगायला लागलीस, नवऱ्याला बायकोचं नाव हवं होतं आणि बायकोला रेडा. मी हसले. मी खोदून विचारायला हवं होतं. ते मी केलं नाही, हे मला इथे लिहून ठेवू दे.

पंधरा दिवसांनी तुझ्या दुकानात काकीची सून आली, कल्पना. मुंबईहून खास आलेली. दारात उभी राहून म्हणाली, "मला सासूबाईंचा विंचू पाहिजे." कुणी काही विचारायच्या आत तिने सांगून टाकलं, "मीच त्यांना लांब बाही घालायला लावलेली. फोटोसाठी. आता घरात जेवढे फोटो आहेत, सगळ्यांत त्यांचे हात झाकलेले आहेत."

तू तिला खुर्चीत बसवलंस, हात दुमडलास, सरळ केलास. पेन उचललंस आणि पहिलीच रेघ थरथरली. पुसलीस, पुन्हा काढलीस, पुन्हा थरथरली. मला सवची ती थरथरणारी बोटं आठवली. तू पेन माझ्यापुढे धरलंस.

"बाई, तू काढ. मी सांगत्ये."

तुझ्या दुकानातली पल्लवी दोन वर्षं तुझ्या हाताखाली शिकली होती. तिने मशीन घेतलं. मी कातडीवर रेघ काढायची, तू सांगणार कुठे थांबायचं, पल्लवी सुई फिरवणार. कातडी मात्र तूच ताणून धरलीस, डाव्या हाताने, तो अजून शांत होता. शेपटीपाशी आल्यावर मी थांबले. तू आणि मी एकमेकींकडे बघितलं.

"सात," मी म्हटलं.

"आठ," तू म्हणालीस.

"सहा होती," कल्पना म्हणाली. "माझ्या बाळंतपणात सव्वा महिना सासूबाईंनी मला तेल लावलं. हात सारखा डोळ्यांसमोर. मी पडल्या पडल्या रोज मोजायचे. सहाच."

आपण दोघी इतक्या हसलो की पल्लवीला मशीन बाजूला ठेवावं लागलं. म्हणजे मी जे मूळ म्हणून छातीशी धरून बसले होते, तेही माझ्या मनचंच होतं. सहा पेरं काढली. झाल्यावर कल्पनाने हात दुमडला, विंचू उठला. तिने पुन्हा दुमडला, पुन्हा. ती रडत होती आणि हात दुमडायची थांबत नव्हती.

दुसऱ्या आठवड्यात डॉक्टरांनी मेंदूतली गाठ दाखवली. पुढच्या पाच महिन्यांबद्दल मी लिहिणार नाही. एवढंच लिहिते की इस्पितळातही तू मला म्हणालीस, "सहा, सात, आठ, तिन्ही बरोबर होती." मी म्हटलं, एकच बरोबर होतं आणि ते आपण घालवलं. तू डोळे मिटून हसलीस. नंदे, मी अजून माझं म्हणणं सोडलेलं नाही. तू असतीस तर उद्याही भांडले असते.

आज शाळेत काय केलं ते सांगते. कुंभाराकडून मडकी आणवली, बाकागणिक एक. पोरांना म्हटलं, आज कागद नाही, यावर काढा. एक मुलगी म्हणाली, "बाई, हे गोल आहे, पूर्ण दिसतच नाही." मी म्हटलं, फिरवून बघ. तिने मासा काढला होता. मडकं फिरवलं तशी शेपटी पलीकडे गेली आणि तोंड अलीकडून पुढे आलं. तिने पुन्हा फिरवलं, मग शेजारणीला दाखवलं, आणि थोड्या वेळाने सगळा वर्ग आपापलं मडकं फिरवत होता. मातीचा घरघर आवाज भरून राहिला होता. पोरांची तोंडं काय झाली होती गं.

त्यांनी विचारलं, हे कुणी शिकवलं तुम्हाला. मी तुझं नाव सांगितलं. मग जे तुला आठ वर्षांत एकदाही म्हटलं नाही, इस्पितळात हात हातात धरूनही म्हटलं नाही, ते मी भरल्या वर्गात म्हटलं: तिची रेघ माझ्यापेक्षा चांगली होती.

पोरांनी मान डोलावली आणि पुन्हा मडकी फिरवायला लागली.